गोळी कोणाला लागू पडते?

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या ज्या गल्ल्यांत अजून यंत्रमागांची खडखड ऐकू येते, तिथून हाकेच्या अंतरावर माझे औषधांचे दुकान आहे. चोवीस वर्षांत सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मी क्षणभरही न थांबता सांगेन: ‘अण्णा, हीच गोळी द्या, शेजारणीला लई लागू पडली.’ सांगणाऱ्या बाईच्या मुठीत एक चुरगळलेली रिकामी स्ट्रिप असते, बहुधा डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची किंवा असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळीची, आणि गोळ्या कापून कापून नेल्यामुळे तिच्यावरचे नाव अर्धेच उरलेले असते. नाव अर्धे, मात्रेचा आकडा गेलेला, तारीख गेलेली. शिल्लक असतो तो शेजारणीचा अनुभव. शेजारणीचे वय काय, तिला दुसरा कोणता आजार आहे, तिचे दुखणे याच जातीचे होते का, यातले काहीच त्या स्ट्रिपवर नसते.

औषध ‘लागू पडते’ हा आपल्या भाषेतला प्रयोग मला फार अचूक वाटतो, कारण त्यात औषधाइतकाच ते घेणाऱ्या माणसाचाही विचार आहे. वेदनाशामकांच्या चाचण्यांचे आकडे नेमके हेच सांगतात. शस्त्रक्रियेनंतरच्या तीव्र वेदनेत आयबुप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची गोळी सुमारे अडीच माणसांना द्यावी, तेव्हा निव्वळ त्या गोळीमुळे एकाची वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरते. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या गॅबापेंटिनच्या बाबतीत एकाला असा उतार पडण्यासाठी सहा-सात जणांना औषध द्यावे लागते. याचा अर्थ औषधे निरुपयोगी आहेत असा होत नाही. ज्यांना ती लागू पडतात त्यांना चांगलीच लागू पडतात, ज्यांना पडत नाहीत त्यांना जवळजवळ काहीच गुण येत नाही, आणि या दोन गटांची सरासरी काढली की दोघांचेही चित्र पुसले जाते. म्हणून गोळी देण्यापूर्वी या माणसाचे अंग कसे आहे आणि याचे दुखणे कोणत्या जातीचे आहे हे विचारणे हा उपचाराचाच भाग आहे. हे विचारणे रुग्णाला समजेल आणि रुग्णाला उत्तर देता येईल अशाच भाषेत झाले पाहिजे. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पट्ट्यात ते पुष्कळदा तसे होत नाही आणि त्याची किंमत माणसे रोज सोसतात, ही माझी तक्रार आहे.

आधी अंगाविषयी. कोडीन हे अफूच्या वर्गातले जुने औषध घ्या. ते स्वतः वेदना फारशी शमवत नाही. यकृतातले सीवायपी२डी६ नावाचे एन्झाइम त्याच्या थोड्या भागाचे मॉर्फिन करते आणि खरे काम ते मॉर्फिन करते. काही लोकांच्या शरीरात हे एन्झाइम जन्मतःच निकामी असते. युरोपीय वंशाच्या लोकांत असे सुमारे ५ ते १० टक्के आढळतात आणि भारतीयांतही ते आहेत. अशा माणसाने कोडीन कितीही घेतले तरी त्याला दिलासा जवळजवळ मिळत नाही. उलट ज्यांच्याकडे हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या जादा प्रती असतात त्यांच्या रक्तात मॉर्फिन झपाट्याने साठते आणि श्वास मंदावतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुले अशी दगावल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली कडक इशारा दिला आणि २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांना कोडीन देऊच नये असे ठरवले. ट्रॅमाडॉलचा परिणामही बऱ्याच अंशी याच एन्झाइमवर अवलंबून असतो. मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट: ‘डॉक्टर, गोळीने काहीच झाले नाही’ असे म्हणणारा माणूस नाटक करत नसतो. त्याचे यकृत त्याच्या बाजूने साक्ष देत असते, पण ती साक्ष कोणी घेत नाही.

जनुकांची तपासणी आमच्या भागातल्या सर्वसामान्य रुग्णाच्या आवाक्यात नाही, आणि बहुतेक वेळा तिची गरजही नसते. वजनकाटा मात्र प्रत्येक दुकानात असतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत उभे आयुष्य काढलेली एक आजी लेकीकडे राहायला आली होती. गुडघ्यांसाठी ती पॅरासिटामॉल ६५०ची गोळी दिवसातून चार वेळा घेत होती आणि सर्दी झाली म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून सर्दीची गोळी तीनदा. त्या सर्दीच्या गोळीतही ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते. बेरीज ४,१०० मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम धरतात. या आजीला मी काट्यावर उभे केले तेव्हा काटा ३८ किलोंवर थांबला. पॅरासिटामॉलचा बराचसा भाग यकृत निर्धोकपणे बाहेर टाकते, पण थोड्या भागाचे विषारी द्रव्य बनते आणि ते निवळवण्यासाठी शरीराजवळ ग्लुटाथायोनचा साठा असावा लागतो. एक वेळच जेवणाऱ्या, हाडांचा सापळा उरलेल्या बाईजवळ तो साठा कुठून येणार? दोन्ही पाकिटांवर सारे काही लिहिलेले होते, इंग्रजीत आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

दुसरे उदाहरण देताना मला माझीच चूक सांगावी लागते. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत भट्टीवर काम करणारे एक गृहस्थ कंबरदुखीसाठी माझ्याकडून डायक्लोफेनॅक नेत. चिठ्ठी जुनी झाली होती, पण ओळखीचे गिऱ्हाईक म्हणून मी देत राहिलो. रक्तदाबासाठी ते दोन गोळ्या घेत होते, त्यांपैकी एक लघवीवाटे पाणी काढणारी होती. त्या ते दुसरीकडून नेत, त्यामुळे मला ठाऊक नव्हते आणि मी विचारलेही नव्हते. एप्रिलच्या उन्हाळ्यात, भट्टीसमोर घामाने निथळत असताना, हे सगळे एकत्र आले. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाकडचा रक्तप्रवाह टिकवून धरण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात, आणि डायक्लोफेनॅकसारखी औषधे वेदना कमी करतात ती हीच द्रव्ये तयार होऊ न देऊन. त्यांच्या पायांवर सूज आली, मूत्रपिंडे नीट चालत नसली की रक्तात साठणारे क्रिएटिनिन वाढले, चार दिवस त्यांना रुग्णालयात काढावे लागले. सुदैवाने मूत्रपिंडे सावरली. तीच गोळी त्यांच्या शेजारी काम करणारा पंचविशीतला मुलगाही घेत होता आणि त्याला काहीही झाले नाही. ‘तुम्ही बीपीची गोळी घेता का?’ हा एक प्रश्न मी विचारला असता तर हे टळले असते. तो प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते, आणि गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना ते अर्धे मिनिट मी वाचवले.

अंग बदलले की औषध किती बदलते याचा याहून मोठा पुरावा आपल्याच देशात घडला आहे. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक गाई-म्हशी सहज पचवतात. पण औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी होतात. पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात ९९ टक्क्यांहून अधिक घटली, त्यामागचे कारण हे औषधच असल्याचे २००४ साली निश्चित झाले आणि २००६ साली जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक सरकारने बंद केले. माणसा-माणसांतला फरक गाय आणि गिधाड यांच्याइतका नसतो, हे खरेच. पण ‘त्याला काही झाले नाही, मग मला काय होणार’ या युक्तिवादाला आधार नाही एवढे त्यावरून कळावे.

आता दुखण्याच्या जातीविषयी, कारण माझ्या मते आमच्या भागात खरी हानी तिथे होते. खानापूर तालुक्यातल्या एका गावी माझी आत्या राहते. आम्ही तिला आत्ती म्हणतो. अकरा वर्षे तिला शुगर आहे आणि परवापरवापर्यंत भाताच्या लावणीला ती स्वतः चिखलात उतरत असे. दोन वर्षांपूर्वी तिचे पाय दुखू लागले. ती एका रुग्णालयात गेली. तिथले तरुण डॉक्टर कलबुर्गीकडचे, सभ्य आणि कष्टाळू, पण त्यांना मराठी येत नव्हते. आत्तीचे कन्नड बाजारहाटापुरते. सोबत शेजारचा मुलगा होता. आत्ती म्हणाली, ‘रातचं तळपायाची आग आग होतीया, मुंग्या फिरल्यागत होतंय, आन चादर लागली तरी सोसवत न्हाई.’ मुलाने डॉक्टरांना सांगितले: ‘कालु नोवु.’ म्हणजे पाय दुखतो. केसपेपरवर त्याच अर्थाचे दोन इंग्रजी शब्द उमटले आणि आत्तीला डायक्लोफेनॅक आणि पोटातल्या पित्ताची गोळी मिळाली. सहा आठवडे तिने ती इमानाने घेतली. पायाची आग तसूभरही हलली नाही. रक्तदाब तेवढा वाढला.

आग, मुंग्या आणि चादरीचा स्पर्श न सोसणे, या तीन गोष्टी वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला एकत्र सांगितल्या तर तो मधुमेहाने बिघडलेल्या मज्जातंतूंचे नाव घेईल. या वेदनेवर सूज उतरवणारी औषधे चालत नाहीत, कारण इथे सूज नसते. बिघाड खबर वाहून नेणाऱ्या तारेतच असतो. म्हणजे निदान आत्तीच्या वाक्यात पूर्ण होते. ते शेजारच्या मुलाच्या दोन शब्दांत हरवले. पुढे मी तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. तेही कन्नडच, पण त्यांनी मला गप्प बसवून तिलाच विचारले, हातवारे केले, स्वतःच्या तळव्यावर बोट फिरवले आणि म्हणाले, ‘उरी?’ कन्नडमध्ये उरी म्हणजे आग, जळजळ. मिरची कांडायला बसणाऱ्या बायकांमुळे हा शब्द आत्तीला ठाऊक होता. ‘व्हय व्हय, उरी!’ असे म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी विसरणार नाही. त्यांनी मज्जातंतूंच्या वेदनेवर दिल्या जाणाऱ्या अमिट्रिप्टिलिनची रात्रीची लहान मात्रा दिली आणि पूर्ण गुण येणार नाही, निम्मा आला तरी चांगला समजा, तीन आठवडे थांबा, असे माझ्याकरवी मराठीत वदवून घेतले. आज आत्ती पहाटे तीनपर्यंत झोपते. आग आहे, पण सोसवेल एवढी.

वेदनेला यंत्र नाही. ताप मोजता येतो, साखर मोजता येते, रक्तदाब मोजता येतो. दुखणे मात्र सांगावेच लागते. रोनाल्ड मेलझॅक या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने म्हणूनच १९७५ साली रुग्णांच्या तोंडच्या शब्दांवर आधारलेली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. मराठीला अशा शब्दांची वाण मुळीच नाही. गळू पिकत आले की ते ठसठसते. दाढेतून कळ येते, पोटात मुरडा येतो, पोटरीत पेटके येतात, कंबरेत उसण भरते. दिवसभर माग चालवून खांद्याला रग लागते आणि मणक्याची शीर दबली की नितंबापासून टाचेपर्यंत चमक जाते. रग विश्रांतीने जाते, चमक जात नाही. ठसठस चिरा मागते, गोळी मागत नाही. आमच्या आजी-पणजींनी हे शब्द उगीच वेगळे ठेवले नाहीत, प्रत्येकामागे वेगळ्या दुखण्याची ओळख आहे. कन्नडमध्येही उरी वेगळी, सेळेत म्हणजे ओढल्यासारखे दुखणे वेगळे, जोमु म्हणजे मुंग्या येऊन बधिर होणे वेगळे. दोन्ही भाषा इतक्या समृद्ध असताना त्यांच्या मधल्या जागेत केवळ ‘नोवु’ आणि ‘पेन’ उरावेत, याचे मला मनापासून दुःख होते.

बोलण्याचा परिणाम निदानापुरताही थांबत नाही. आपण अमुक डॉक्टरांना ‘हातगुण’ आहे असे म्हणतो आणि शिकलेली माणसे ती अंधश्रद्धा समजतात. इटलीतल्या तुरीनमध्ये फाब्रिझिओ बेनेदेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगांत, तेच वेदनाशामक डॉक्टरांनी समोर येऊन, सांगून दिले तेव्हा अधिक लागू पडले आणि यंत्राने नकळत सोडले तेव्हा कमी. त्याआधी १९७८ साली कॅलिफोर्नियात दाढ काढलेल्या रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले होते की, औषध नसलेल्या सुईने मिळणारा आराम नॅलोक्सोनने, म्हणजे अफूच्या वर्गातल्या औषधांचा परिणाम रोखणाऱ्या द्रव्याने, कमी होतो. म्हणजे विश्वासाने मिळणारा आराम भास नसतो. मेंदू त्यासाठी स्वतःचे वेदनाशामक खरोखर सोडतो. ज्या रुग्णाला डॉक्टर काय म्हणाले हेच कळले नाही, त्याच्या वाट्याला औषधाचा हा भाग येत नाही. त्याला गोळी मिळते, उपचार अर्धाच होतो.

मला पुढचे म्हणायचे आहे ते शासनाला आणि माझ्या व्यवसायबंधूंना. बेळगाव जिल्ह्यातील ज्या तालुक्यांत मराठी भाषक मोठ्या संख्येने आहेत तिथल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात वेदनेच्या वीस-पंचवीस शब्दांचा कन्नड-मराठी तक्ता बाह्यरुग्ण विभागात लावावा. वेदनाशामक देताना सोबत दोन्ही भाषांतली चार ओळींची चिठ्ठी असावी: दिवसाला जास्तीत जास्त किती, कोणत्या दुसऱ्या औषधाबरोबर नको, कोणता त्रास झाला तर लगेच थांबवावी, आणि किती दिवसांत गुण आला नाही तर परत यावे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या राष्ट्रीय संरक्षण योजनेत मान्य झालेलेच आहे. औषधाची मर्यादा ही महत्त्वाची सूचना नसेल तर दुसरी कोणती असेल?

‘मराठी’ हा शब्द काढला की इथे लगेच फलक, मोर्चे आणि बंद डोळ्यांसमोर येतात, याची मला जाणीव आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासूनचा वाद २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथे तो चालेल तसा चालो. त्याबद्दल माझे स्वतःचे मत आहे आणि ते मी या मागणीत मिसळू इच्छित नाही, कारण आत्तीचे पाय निकालाची वाट पाहू शकत नाहीत. शिवाय ही मागणी एकतर्फी नाही. अथणी-रायबागकडचे कन्नड रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या उपचारांसाठी मिरजेला जातात, आणि मिरजेतले कित्येक डॉक्टर त्यांच्याशी सफाईने कन्नड बोलतात. कुणी सक्ती केली म्हणून ते शिकले नाहीत. समोरच्याचे दुखणे समजून घ्यायचे होते म्हणून शिकले. जत आणि अक्कलकोटच्या सरकारी दवाखान्यांत कन्नड भाषकांसाठी हाच तक्ता महाराष्ट्र सरकारने लावला पाहिजे, हेही मी तितक्याच आग्रहाने म्हणतो.

डॉक्टरांना वेळ नसतो, हा आक्षेप खरा आहे. एका सकाळी शंभर-सव्वाशे रुग्ण पाहणाऱ्या माणसाला मी उपदेश करणार नाही. पण आत्तीला चुकीच्या औषधावर दोनदा परत बोलवावे लागले, तो वेळही कुणाचा तरी होताच. तक्त्यावर बोट ठेवायला रुग्णाला पाच सेकंद लागतात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना परिचारिका वाचून दाखवू शकते. औषध दुकानदारांबद्दल मी अधिक कठोरपणे बोलेन, कारण मी त्यांच्यातलाच आहे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा कायदा आहे आणि आपण सगळे तो मोडतो. तो आपण उद्यापासून शंभर टक्के पाळू असे म्हणण्याचे धाडस मी करत नाही. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते, हे वास्तव मी जाणतो. पण वय, वजन, बीपी, शुगर, मूत्रपिंड, पोटातला व्रण, दमा आणि गरोदरपण, एवढे विचारल्याशिवाय स्ट्रिप कापायची नाही, हे तर आपल्या हातात आहे. उद्यमबागेच्या त्या गृहस्थांनंतर मी तसे करतो. काही गिऱ्हाइके वैतागतात. बहुतेक थांबतात, आणि आपले दुखणे कोणीतरी विचारत आहे याचे त्यांना बरे वाटते.

सरकारची वाट न पाहता तो तक्ता मी माझ्यापुरता करायला घेतला आहे. गोकाकचा माझा एक मित्र, तोही औषध विक्रेता, कन्नड बाजू पाहतो. आतापर्यंत एकोणीस शब्दांच्या जोड्या जुळल्या आहेत आणि कागद काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे. ‘ठसठस’समोरची जागा अजून मोकळी आहे. मित्राने तीन शब्द सुचवले, पण त्यांतला एकही त्यालाच पुरता पटत नाही, म्हणून येत्या रविवारी तो गावी जाऊन आपल्या आईला विचारणार आहे.